अत्तराची खरी ओळख संध्याकाळी

पौष महिन्यातली गोष्ट. भाताची झोडणी होऊन गेली होती आणि शेतात वाल फुलावर आला होता. वालावरच्या माव्याविषयी चार गोष्टी सांगायला मी पडघ्याच्या बाजूच्या एका गावी गेलो होतो. बैठक आटोपली, मंडळी पांगली आणि ज्यांच्या ओटीवर बैठक भरली होती त्यांच्याच घरी चहा झाला. आत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती. तिळगुळाचा डबा, वाणाच्या वाट्या, चिंचेने घासून लख्ख केलेली जुनी अत्तरदाणी. ती अत्तरदाणी पुसत घरच्या वहिनी उंबऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या,

“साहेब, तुम्ही खताचं सांगता, किडीचं सांगता. आमचं एवढं एक कोडं सोडवा. म्हशाच्या यात्रेतून मोगऱ्याचं अत्तर आणलं. विकणाऱ्यानं हातावर लावलं तेव्हा अगदी वेलीवरचा मोगरा! घरी येईपर्यंत नुसता तेलकट वास. दीडशे रुपये गेले ते गेले, पण माघात नणंदेचं लग्न आहे. पाहुण्यांना अत्तर-गुलाब द्यायचं तर ह्याच्याच पाच बाटल्या सांगून आलेय मी.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “मी म्हटलंच होतं, जत्रेतलं घेऊ नये.”

मी बाटली उघडून हुंगली. वास मोगऱ्याचाच होता आणि चांगला होता. म्हणजे विकणाऱ्याने दाखवले एक आणि दिले दुसरे, असेही म्हणता येईना. मी वहिनींना म्हटले, “याचा निकाल आत्ता लागणार नाही. घरातल्या चौघांच्या मनगटावर एकेक थेंब लावा, एक कागदाच्या पट्टीवर टाका. मी दोन-तीन शेतांवर फेरी मारून सहाच्या सुमाराला येतो. मग बघू.”

त्या संध्याकाळी जे दिसले ते प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. आपल्याकडे अत्तर रोज लागत नाही. पण लग्न, हळदीकुंकू, ईद, दिवाळीचे अभ्यंगस्नान अशा वेळी ते लागतेच, आणि घेताना आपण फसतो. शिवाय आता वरकस जमिनीवर गवती चहा, वाळा लावा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. तेल विकत घेणारा असो की पिकवणारा असो, दोघांनाही वासाचा हा स्वभाव ठाऊक हवा.

जत्रेला निघालेली मंडळी

वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे अतिशय सूक्ष्म कण हवेत उडून आपल्या नाकापर्यंत पोहोचतात. जे उडत नाही त्याला वास नाही. मिठाला वास नाही, कारण ते उडत नाही. अत्तर किंवा सुगंधी तेल हा एकच पदार्थ नसतो. त्यात दहा-वीस, कधी शंभराहून अधिक निरनिराळे घटक मिसळलेले असतात. काही हलके, काही मध्यम, काही जड.

गावातून माणसे पायी जत्रेला निघाली की काय होते? पोरे धावत पुढे जातात. मागून बापे-बाया गप्पा मारीत चालतात. म्हातारी मंडळी काठी टेकीत सर्वांत शेवटी. अत्तराचेही तसेच. हलके घटक पहिल्या पाच-दहा मिनिटांत उडून जातात. मधले घटक तास-दोन तास चालतात. जड घटक शेवटपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, अंगावर किंवा कपड्यावर राहतात. म्हणून एकाच थेंबाचा वास लावताना एक, अर्ध्या तासाने दुसरा आणि रात्री तिसरा येतो. पहिला वास, मधला वास आणि तळाचा वास, अशी त्याची तीन वये म्हणा.

लिंबा-संत्र्याच्या सालीतला मुख्य घटक लिमोनिन. तो साधारण १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. रोशा गवताच्या तेलातला जिरॅनिऑल २३० अंशांच्या आसपास, तर चंदनाच्या तेलातला सँटॅलॉल ३०० अंशांच्या वर. पाणी १०० अंशांना उकळते, तरी ओले कापड सावलीतही वाळते. तसेच हे घटक न उकळताही हळूहळू उडत राहतात. ज्याला उकळायला उष्णता कमी लागते तो बहुधा आधी उडतो. म्हणूनच संत्रे सोलताना सुटणारा वास खोली भरतो आणि थोड्या वेळात नाहीसा होतो. पण चंदन उगाळलेल्या सहाणेला दुसऱ्या दिवशीही वास असतो.

आपल्या कातडीचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असते. मनगट, कोपराची आतली बाजू, कानामागची जागा इथे रक्तवाहिन्या वरच असतात, त्यामुळे ऊब जास्त. तिथे लावलेले अत्तर चांगले फुलते आणि लवकर सरतेही. कानातल्या फायावर ते जास्त टिकते, कारण कापूस तेल धरून ठेवतो.

चार हात, चार वास

सहाला मी परत आलो. बायकांचे हात सासूबाईंनी हुंगले, पुरुषांचे मी. निकाल असा लागला.

वहिनींच्या हाताचा मोगरा जवळजवळ संपला होता. दुपारभर भांडी, धुणे आणि साबणाचे पाणी. साबणाने कातडीचा तेलकटपणा जातो, कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीला अत्तर धरून ठेवता येत नाही. सासूबाईंच्या हाताला खोबरेल लावलेले होते; तिथे वास पुष्कळ टिकला होता आणि मऊ झाला होता. कॉलेजातल्या मुलीने थेंब लावून दोन्ही मनगटे एकमेकांवर जोराने चोळली होती. घर्षणाने ऊब येते आणि हलका भाग लवकर निघून जातो. तिचा मोगरा पहिल्या अर्ध्या तासातच मावळला होता. घरधनी भाजीला पाणी देऊन आले होते. त्यांच्या हातावर घाम, माती आणि अत्तर यांचा मिळून तिसराच वास होता.

यात कोणाच्या रक्ताचा गुण-दोष नाही. कातडी तेलकट की कोरडी, घाम किती, अंगावर साबण कोणता, हवा किती गरम, यांवर अत्तराचा वेग बदलतो. म्हणून शेजारणीच्या हातावर छान वाटलेले अत्तर आपल्या हातावर तसेच लागेल असे धरून चालू नये.

मग मी कागदाची पट्टी हातात घेतली. कागद थंड, त्याला घाम नाही, त्यामुळे तो सगळ्यांत सावकाश बोलतो आणि खरे बोलतो. पट्टीवर मोगरा पुसट झाला होता. राहिला होता एक मोठा तेलकट डाग आणि त्याचा रॉकेलसारखा मंद वास. वहिनींचे कोडे तिथे सुटले. मोगऱ्याचा वास होता, पण तो वरवरचा. खाली धरून ठेवणारे जे तेल असते ते हलक्या प्रतीचे होते. मोगरा उडून गेला आणि खालचे तेल उघडे पडले.

फूल, गजरा आणि वेळ

मोगऱ्याचा स्वभाव आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार भागात मोगऱ्याची शेती चांगली रुजली आहे. तिथे कळ्या पहाटे-सकाळी, मिटलेल्या असतानाच तोडतात आणि मुंबईच्या बाजाराला पाठवतात. कारण मोगरा संध्याकाळी उमलतो, आणि तोडल्यावरही उमलत राहून वास देत राहतो. सकाळची कळी संध्याकाळी गजऱ्यात फुलते ती त्यामुळे.

त्याच गजऱ्याचा वास दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. काहीसा जड, थोडा नकोसा वाटतो. मोगऱ्याच्या वासात गोड, हलके घटक असतात, तसाच इंडोल नावाचा एक जड घटक अगदी थोड्या प्रमाणात असतो. नुसता इंडोल हुंगला तर नाक फिरवावे लागेल. पण कणभर असला तर फुलाला भरीवपणा देतो. हलके घटक उडाले की त्याचा भाग वाढल्यासारखा वाटतो. म्हणजे वास बदलणे ही नेहमी भेसळीचीच खूण नव्हे. खरे फूलही बदलते. पाहायचे एवढेच, की बदलून जे उरते ते चांगले आहे की नाही.

कनौजची देग आणि चंदनाचे तेल

उरलेले चांगले असावे यासाठी आपल्या जुन्या अत्तरवाल्यांनी मोठी युक्ती काढली. उत्तर प्रदेशातले कनौज हे अत्तराचे जुने गाव. तिथे तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि खाली लाकडे-गोवऱ्यांचा जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्याला भपका म्हणतात. तो पाण्यात बुडवून थंड ठेवतात. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलांचा वास वाफेबरोबर येतो आणि चंदनाच्या तेलात मुरतो. साठलेले पाणी काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी ताजी फुले घालतात, तेल मात्र तेच. असे कित्येक दिवस चालते. शेवटी उरलेला ओलावा जावा म्हणून अत्तर चामड्याच्या कुप्पीत ठेवण्याची जुनी रीत आहे.

चंदनच का? एक तर त्याचा स्वतःचा वास मंद, दुसऱ्याला दाबत नाही. दुसरे म्हणजे ते जड; हलक्या वासाला धरून ठेवते आणि सावकाश सोडते. आणि फूल उडून गेल्यावर जे उरते ते चंदन! म्हणून खऱ्या जुन्या अत्तराचा तळाचा वासही हवासा वाटतो. कनौजला भाजलेल्या मातीच्या खापऱ्यांपासूनही अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा वास येतो त्याला.

आज चंदनाचे तेल अतिशय महाग आहे. त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ अत्तरांत चंदनाऐवजी पॅराफिनसारखे खनिज तेल किंवा कारखान्यात बनणारी इतर द्रावके वापरतात, आणि वासही बहुधा कारखान्यातला असतो. ते सगळेच वाईट असते असे नाही. चांगले द्रावक वास नसलेले असते. पण जत्रेतल्या स्वस्त बाटलीत खालचे तेल कोणते आहे हे पहिल्या वासात कळत नाही. ते सांगायला संध्याकाळच व्हावी लागते.

खानदेशचा रोशा आणि बल्गेरियाचा गुलाब

पहिल्या वासाने मोठमोठे व्यापारीही फसत आले आहेत. त्या गोष्टीत आपल्या महाराष्ट्रातले एक गवत आहे. रोशा गवत, त्यालाच कोणी तिखाडी म्हणतात. खानदेशात, आजच्या धुळे-नंदुरबार भागात, डोंगरउतारावर ते आपोआप वाढते. त्याचे दोन प्रकार. मोतिया रोशा उघड्या, कोरड्या उतारावर येतो आणि त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. सोफिया रोशा ओलसर जागी येतो, त्याचे तेल कमी प्रतीचे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या तेलाची नोंद आहे.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला जाई. तिथून ते बल्गेरियाच्या गुलाबाच्या तेलात मिसळण्यासाठी वापरले जाई. कारण सोपे आहे. मोतिया रोशाच्या तेलात बहुतांश भाग, साधारण ७५ ते ८५ टक्के, जिरॅनिऑल असतो. आणि खऱ्या गुलाबतेलातही जिरॅनिऑल असतोच. पहिल्या वासात फरक ओळखणे कठीण. पण गुलाबतेलात आणखी कितीतरी घटक असतात, मेणासारखा एक भागही असतो, ज्यामुळे ते तेल थंडीत गोठू लागते. रोशा मिसळला की गोठण्यात फरक पडतो. जाणते व्यापारी नाकावर विसंबत नसत. तेल गार करून पाहत, थांबून हुंगत.

यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. आपल्या डोंगरावरच्या गवताला जगाच्या बाजारात मोल होते. पण ते गेले दुसऱ्याच्या नावावर. आणि ज्याला थांबून परीक्षा करता येते, भाव तोच ठरवतो.

माझी एक चूक

हे मी पुस्तकातून शिकलो असे सांगायला हवे होते. पण खरे म्हणजे एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका पाड्यावर बचत गटाच्या बायांनी माझ्या सांगण्यावरून तीस गुंठे वरकस जमिनीवर गवती चहा लावला. नाचणी-वरीपेक्षा दोन पैसे जास्त मिळतील असा माझा हिशेब. जूनमध्ये लावणी, पावसानंतर पहिली कापणी, थंडीत दुसरी. लहान भट्टीवर तेल काढले. दोन्ही मिळून अकरा लिटर तेल निघाले. पिवळेधमक, घर भरून टाकणारा लिंबाचा वास. बाया हरखून गेल्या.

जानेवारीत भाव पडलेला होता. मी म्हटले, “थांबा, उन्हाळ्यात चढेल.” तेल प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या कॅनमध्ये ठेवले, दोन्ही अर्धे रिकामे. कॅन पत्र्याच्या खोलीत. मेअखेर मुंबईहून एक व्यापारी आला. त्याने कॅनचे बूच उघडून हुंगलेसुद्धा नाही. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला, पट्टी खिडकीत ठेवली, चहा घेतला, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. अर्ध्या तासाने पट्टी नाकाशी नेली आणि माझ्याकडे सरकवली. लिंबू नावालाच होते. मागे जुन्या टर्पेंटाइनसारखा, चिकट वास. तेलाचा रंगही लालसर झाला होता आणि ते घट्टसर झाले होते. त्याने निम्म्याहून कमी भाव दिला, तोही फिनेलवाल्यांना विकू म्हणून.

गवती चहाच्या तेलाचे मोल त्यातल्या सिट्रालवर ठरते. हवा, ऊन आणि उष्णता यांनी सिट्राल बिघडतो. अर्ध्या रिकाम्या भांड्यात वरची सगळी जागा हवेची. पातळ प्लॅस्टिकमधून वास झिरपतो आणि अशी तेले काही जातीचे प्लॅस्टिक खातातही. पत्र्याखालची मे महिन्याची उष्णता मी काय सांगावी! हे सगळे मला कागदावर ठाऊक होते, पण भाव चढण्याच्या नादात ध्यानात राहिले नाही.

बाया मला काही बोलल्या नाहीत. त्यांतल्या एक वयस्कर काकू एवढेच म्हणाल्या, “साहेब, भात कणगीत ठेवलं की राहतं. हे वाऱ्यावरचं पीक. आम्हाला कोणी सांगितलंच नाही.” सांगणारा मीच होतो. म्हणून ज्यांना अशी पिके घ्यायची आहेत त्यांच्यासाठी इथे थोडक्यात लिहितो.

एक. टनभर ओल्या गवती चहापासून साधारण पाच किलो तेल मिळते, कधी त्याहूनही कमी. भट्टी कोठे आहे, गवत तिथवर न्यायला किती खर्च, तेल कोण घेणार, हे लावणीच्या आधी ठरवावे. नुसत्या तोंडी वचनावर रोपे विकत घेऊ नयेत.

दोन. भट्टीतही तोच जत्रेचा क्रम चालतो. वाफेबरोबर हलका भाग आधी येतो, जड भाग मागाहून. गवताचे तेल तीन-चार तासांत निघते. पण वाळ्याच्या मुळांचे तेल जड. त्याला चौदा तास, कधी त्याहून जास्त जाळ लागतो. सरपण वाचवायला लवकर विझवली तर सगळ्यांत टिकाऊ भागच मुळांत राहून जातो.

तीन. ताज्या काढलेल्या तेलाला भट्टीचा, उकळल्यासारखा वास असतो. तो काही दिवसांत जातो. तेव्हा पहिल्या दिवशीच्या वासावरून तेल वाईट ठरवू नये.

चार. तेलातले पाणी पूर्ण वेगळे करावे. तळाला पाणी राहिले की तेल खराब होते. गडद रंगाची काचेची बाटली किंवा अॅल्युमिनियमची बाटली घ्यावी, ती गळ्यापर्यंत भरावी, बूच घट्ट लावावे, अंधाऱ्या थंड जागी ठेवावी. वर काढल्याची तारीख लिहावी.

पाच. गवती चहाचे तेल शक्य तितक्या लवकर विकावे. वाळा, चंदन यांची जड तेले नीट ठेवली तर मुरून अधिक चांगली होतात. ती थांबू शकतात. कोणते तेल थांबू शकते आणि कोणते नाही, हे ठाऊक नसले की भावाचा अंदाज बरोबर येऊनही नुकसान होते. माझे तसेच झाले.

सहा. वाळा पीक म्हणून लावायचा तर वेगळ्या वाफ्यात लावावा. मुळे तयार व्हायला दीड वर्ष लागते आणि काढताना जमीन खोल खणावी लागते. शेताच्या बांधावरचा वाळा मात्र खणू नये. आपल्या पावसात तोच माती धरून ठेवतो.

सुधारित वाण आणि लागवडीची माहिती लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेकडे मिळते. ती संस्था १९५९ पासून काम करते. कनौजला १९९१ साली सुगंध व स्वाद विकास केंद्र निघाले आहे. तेलात कोणता घटक किती आहे हे यंत्रावर तपासण्याची सोय अशा ठिकाणी असते. मोठा सौदा करण्यापूर्वी नमुना तपासून घेतलेला बरा.

अत्तर घेताना

आता पुन्हा घरच्या गोष्टीकडे येऊ. अत्तर घ्यायला जाताना पांढऱ्या जाड कागदाच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या बरोबर न्याव्यात. पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहावे, टोकाला थेंब घ्यावा. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत. नाकही थकते. वासाच्या खोलीत पाच-दहा मिनिटे बसलो की तो वास आपल्यापुरता नाहीसा होतो. गोठ्यात काम करणाराला गोठ्याचा वास येत नाही तसे. म्हणून दुकानातून बाहेर यावे, मोकळ्या हवेत चार श्वास घ्यावेत, हवे तर स्वतःच्याच पदराचा किंवा बाहीचा वास घ्यावा. आपल्या अंगावरचे अत्तर उडाले की नाही हेही दुसऱ्याला विचारावे. स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवून माणूस पुन्हा पुन्हा लावत राहतो आणि शेजारी बसणाऱ्याला त्रास होतो.

पट्टीचा वास लगेच, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. दुसऱ्या दिवशी जे उरते ते रॉकेलसारखे, जळकट किंवा खवट असेल तर ते अत्तर टाळावे. कागदावर डाग राहिला एवढ्यावरून भेसळ ठरवू नये. चंदनात काढलेल्या चांगल्या अत्तराचाही डाग बराच वेळ राहतो. डागाचा वास काय, ते पाहावे. त्यानंतर आवडलेल्या एकाचा थेंब स्वतःच्या मनगटावर लावून कामाला लागावे. चोळू नये.

हंगामही पाहावा. उन्हाळ्यात गुलाब, मोगरा, केवडा, वाळा आणि थंडीत हिना, अशी जी जुनी रीत आहे ती उगाच नाही. गरमीत सगळेच भराभर उडते. तेव्हा जड, उग्र अत्तर डोक्यात जाते. थंडीत वास सावकाश सुटतो म्हणून भरीव अत्तर शोभते.

जपून वापरा

सुगंधी वनस्पतींचे शुद्ध तेल आणि अत्तर यांत फरक आहे. गवती चहाचे किंवा रोशाचे भट्टीतले तेल सरळ अंगाला लावू नये. कातडीची आग होते, पुरळ उठते. लिंबूवर्गीय फळांच्या सालीचे पिळून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळी पडू शकते. जुने, खवटलेले तेल तर अधिकच त्रास देते. नवीन अत्तराचा एक थेंब कोपराच्या आत लावून दोन दिवस वाट पाहावी. आग झाली तर खोबरेल लावलेल्या कापडाने पुसावे आणि मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. तान्ह्या मुलांना अत्तर लावू नये आणि बाटल्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत. फवारायच्या सेंटमध्ये अल्कोहोल असते, ते पेट घेते. निरांजनाजवळ किंवा चुलीजवळ ते फवारू नये.

आणि दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कपूरकचरी ही मुळे-कंद का घालतात, हेही आता लक्षात येईल. फुलांचा वास साठवणीत निघून जातो. मुळांचा जड वास डब्यात वर्षभर राहतो. आपल्या आज्यांनी हे कोणत्या शाळेत शिकून ठरवले नव्हते. त्यांनी डबा उघडून पाहिला होता.

माघात त्या लग्नाला मला बोलावणे होते. दारातच अत्तर-गुलाब झाले. हाताच्या पाठीवर वाळ्याचे अत्तर लागले, थंड आणि शांत. रात्री घरी येऊन जेवायला बसलो तरी ते मंदपणे येत होते. पुढे गावी गेलो तेव्हा वहिनींना विचारले, “यात्रेतल्या त्या पाच बाटल्यांचं काय झालं?”

“नको म्हणून निरोप धाडला,” त्या म्हणाल्या. “मग भिवंडीला गेले. दोन पट्ट्यांवर थेंब घेतले आणि उठले. दुकानदार म्हणाला, ताई, वास तर घेऊन जा. मी म्हटलं, भाऊ, आत्ताचा वास नको. उद्या सकाळचा बघते आणि मग येते. आधी हसला. दुसऱ्या दिवशी गेले तर बिचाऱ्यानं खालच्या फळीवरची बाटली काढून दिली. म्हणाला, ही टिकते.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “आणि पाचाच्या जागी दोनच लागल्या.”